रूडी हर्ट्झचे हात

कर्ट व्हॉनेगट या अमेरिकन लेखकाची ‘प्लेअर पियानो’ ही पहिली कादंबरी १९५२ साली आली. पुढे ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ने (१९६९) तो जगभर पोचला आणि हे पहिलं पुस्तक मागे पडलं. गोष्ट आहे एका महायुद्धानंतरच्या, भविष्यातल्या अमेरिकेची. माणसं लढाईवर गेली तेव्हा कारखाने यंत्रांवर चालले आणि ती परत आल्यावर त्यांना कामावर घ्यायची गरजच उरली नाही. इलियम गावात नदीच्या एका काठाला मॅनेजर, इंजिनिअर आणि यंत्रं. पलीकडे होमस्टेडमध्ये बाकी सगळे. या बाकीच्यांसाठी दोनच वाटा ठेवलेल्या: सैन्यात जा, नाही तर रस्ते दुरुस्त करणाऱ्या सरकारी दलात जा. कोण कुठे जाणार हे परीक्षेतले गुण आणि यंत्र मिळून ठरवतात. कारखान्याचा तरुण प्रमुख पॉल प्रोटियस याला हे हळूहळू नकोसं होतं आणि तो बंडवाल्यांच्या गोटात ओढला जातो.

मला हे पुस्तक फार महत्त्वाचं वाटतं. माझा मामा पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागला आणि संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनच्या विभागातून निवृत्त झाला. लेथवरची पानं तो कशी वाचेल ते मला जाणून घ्यायचं होतं, म्हणून पुस्तक त्याला दिलं. त्याने ते समासात पेन्सिलीने खुणा करून परत आणलं. त्या खुणांवरून आमचं जे बोलणं झालं, ते असं.

मामा: आधी चांगलं सांगतो. रूडी हर्ट्झचं पान. मुरलेला टर्नर. पॉल आणि त्याचे दोन दोस्त नवेनवे इंजिनिअर असताना त्यांनी सगळ्या कामगारांतून रूडीला निवडलं, त्याच्या लेथला यंत्रणा जोडली आणि त्याच्या हातांची हालचाल टेपवर उतरवून घेतली. पुढे त्याच टेपवर रांगेने लेथ चालले, छोट्या मोटरींचे शाफ्ट काढत राहिले आणि रूडी घरी बसला. पण त्या दिवशी रूडीला काय वाटलं? अभिमान वाटला! आपल्याला निवडलं म्हणून. सगळे मिळून बिअर प्यायला गेले. हे शंभर टक्के खरं आहे. आमच्याकडे टाइम स्टडीवाला स्टॉपवॉच घेऊन शेजारी उभा राहिला की नवा पोरगा जोर दाखवायचा. जुने लोक हळूच सांगायचे, अरे सावकाश, आज जे दाखवशील तोच उद्या तुझा रेट होईल.

मी: आणि हे तिशीही न गाठलेल्या माणसाने पहिल्याच कादंबरीत लिहिलंय. १९४७ ते १९५१ तो स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकच्या प्रसिद्धी खात्यात होता. थोरला भाऊ बर्नार्ड तिथेच संशोधक. जेट इंजिनाच्या रोटरची पाती कापायला कुशल कारागिराला फार वेळ लागायचा, ते काम आपोआप करणारं मिलिंग मशीन व्हॉनेगटने तिथे पाहिलं. पुस्तकाचं बीज तिथलं, असं त्याने नंतर स्वतः सांगितलंय. म्हणून मी म्हणते, हे कल्पनेतलं भविष्य नाही. त्याने समोरचंच पाहिलं आणि ते कुठवर जाईल याचा विचार केला.

मामा: पाहिलं हे कबूल. पण अर्धं पाहिलं. टेपवर रूडीचा हात आला, कान कुठे आला? टूल घासलं की आवाज बदलतो. जॉबमध्ये कडक जागा आली की आधी हाताला थरथर कळते, मग टर्नर फीड कमी करतो. रूडीने त्या एका दिवशी, त्या एका बारवर जे केलं तेवढंच टेपवर आलं. दुसऱ्या बारला तो वेगळं करेल. म्हणून तर तो रूडी!

मी: गंमत म्हणजे अशी पद्धत तेव्हा खरोखर होती. कारागिराची हालचाल टेपवर घ्यायची आणि मशीनकडून ती पुन्हा करवून घ्यायची. जनरल इलेक्ट्रिकनेच ती बनवली होती. पण पुढे चालली ती दुसरी वाट. अमेरिकी हवाई दलाच्या पैशातून एमआयटीने आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन तयार केलं आणि १९५२ मध्ये, म्हणजे कादंबरी आली त्याच वर्षी, ते लोकांना दाखवलं. डेव्हिड नोबल नावाच्या इतिहासकाराने यावर ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ हे पुस्तक लिहिलंय. त्याचं म्हणणं, पहिल्या पद्धतीत कौशल्य कारागिराकडेच राहत होतं आणि व्यवस्थापनाला नेमकं तेच नको होतं. आकड्यांच्या पद्धतीत प्रोग्राम वरच्या ऑफिसातून खाली येतो.

मामा: येतो म्हणजे काय, मी तेच बघत आलो ना. आमच्याकडे पहिलं एनसी, म्हणजे आकड्यांवर चालणारं मशीन आलं तेव्हा कागदाची टेप असायची, भोकंभोकं पाडलेली. ती रीडरमधून सरकायची आणि मशीन हलायचं. हुबेहूब तुझ्या त्या पियानोसारखं, कागदाचा रोल फिरतो आणि पट्ट्या आपोआप दबतात. मग सीएनसी आलं, टेप गेली, प्रोग्राम मेमरीत आला. कंट्रोलवर एक चावी असते, मेमरी प्रोटेक्टची. ती फिरवली की प्रोग्राममध्ये तुला अक्षर बदलता येत नाही. ती चावी सुपरवायझरच्या खिशात. मला दिसतंय की या कटला फीड जास्त आहे, इन्सर्ट, म्हणजे टूलचं टोक, उडणार आहे. पण चावी माझ्याकडे नाही. मी साहेबाला शोधत शेडभर फिरायचं आणि तोवर इन्सर्ट गेलेलं. या कादंबरीत ती चावी कुठेच नाही. माणूस विरुद्ध यंत्र, माणूस विरुद्ध यंत्र, एवढंच चाललंय. अरे, यंत्राचं आणि माझं भांडण कधीच नव्हतं.

मी: हे मात्र मला पूर्ण पटत नाही. बड कॅलहूनचं प्रकरण आठव. हा पोरगा स्वतःच एक यंत्र बनवतो, ते त्याचंच काम त्याच्यापेक्षा चांगलं करतं आणि त्याच्यासकट त्या हुद्द्यावरच्या बहात्तर जणांची नोकरी जाते. इतकी कल्पक बुद्धी, पण व्यवस्थेच्या कागदावर तो संशोधक म्हणून बसत नाही. त्याचे गुण दुसऱ्या खात्याचे. चावी आहे ती इथे, वर्गवारीत. कुणाला काय करायची परवानगी आहे हे कार्डावर भोक पाडून ठरलेलं आहे.

मामा: बड इंजिनिअर आहे. त्याची नोकरी गेल्यावर लेखकाला वाईट वाटतं, कारण तो नदीच्या अलीकडचा. पलीकडच्यांची नावं मोज. स्केनेक्टडीच्या कारखान्यात युनियन होती की नव्हती?

मी: होती. युनायटेड इलेक्ट्रिकलची, लोकल ३०१, चांगली दांडगी. १९४६ च्या सुरुवातीला देशभर जनरल इलेक्ट्रिकचे कामगार मोठ्या संपावर गेले होते. व्हॉनेगट तिथे लागला तो पुढच्या वर्षी.

मामा: म्हणजे संपाची राख अजून गरम होती. आणि त्या कारखान्यावर लिहिलेल्या कादंबरीत युनियनचा आवाज नाही. बंड कोण करतं? एक बिथरलेला इंजिनिअर, एक पाद्री, एक प्राध्यापक आणि पॉलसाहेब. कामगार कशाला येतात? शेवटी तोडफोड करायला. हे मला लागलं, पोरी. बारमध्ये बसणारी, परेडमध्ये नाचणारी, एका रात्रीत भडकणारी गर्दी, एवढेच आम्ही?

यावर मला थांबावं लागलं. युनियनचा मुद्दा मी आजवर कुठल्या समीक्षेत ठळकपणे वाचलेला नाही आणि तो बाजूला सारता येणार नाही. व्हॉनेगट अधिकाऱ्यांबद्दल लिहितो तेव्हा त्याला त्यांचे सदरे, त्यांच्या मुठी आवळून गायलेली गाणी, वरिष्ठासमोर हसण्याच्या तऱ्हा, सगळं माहीत असतं. नदी ओलांडली की त्याची नजर भुरकट होते. पॉलची होते ते समजण्यासारखं आहे, तो त्या काठाचा माणूस. पण निवेदक तर पॉल नाही.

मी: पण मग त्याला जे दिसलं ते किती नेमकं दिसलं, तेही बघ. अधिकाऱ्यांचं ते बेटावरचं शिबिर. रंगीत सदऱ्यांचे संघ, खेळ, निष्ठेची नाटकं. हे त्याने हवेतून आणलेलं नाही. लेक ऑन्टारिओमधल्या असोसिएशन आयलंडवर जनरल इलेक्ट्रिकची अशी शिबिरं भरायची.

मामा: असतील. पण पानंच्या पानं! मी तिथे पुस्तक खाली ठेवलं होतं. एकदा हसू येतं, दोनदा येतं, मग कळतं की हा मनुष्य आपल्या जुन्या साहेबांचा हिशेब चुकता करतोय. कथा तिथेच रुतून बसलीय.

मी: तिथे लांबलंय, कबूल. पहिल्या कादंबरीत लेखकाला जे जे माहीत असतं ते सगळं घालावंसं वाटतं, तसं झालंय. सांगाडाही उसना आहे. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’चं कथानक आपण खुशाल उचललं आणि हक्स्लीने ते झम्यातिनच्या ‘वुई’वरून उचललं होतं, असं व्हॉनेगटनेच एका मुलाखतीत सांगितलंय. पण उसन्या सांगाड्यात त्याने जो प्रश्न घातला तो त्याचा स्वतःचा आहे. हक्स्लीकडे माणसं बाटलीत घडवतात, त्यांना सुखाची गोळी देतात. इथे असलं काही नाही. इथे साधी माणसं आहेत, टीव्ही आहे, फ्रिज आहे, विमा आहे, घर आहे. फक्त त्यांची गरज कुणाला नाही.

मामा: मी सगळ्यात मोठी खूण केलीय ती इथेच. घर आहे, फ्रिज आहे, विमा आहे! १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख माणूस. माझा आतेभाऊ त्यात होता. त्याला कुणी घर दिलं? विमा दिला? गिरण्या बंद पडल्या, जमिनी विकल्या, टॉवर उभे राहिले. त्याने पुढे नाक्यावर भाजी विकली. त्याला हे पुस्तक दिलं असतं तर म्हणाला असता, या नरकाचा पत्ता दे. हे भरल्या पोटाचं दुःस्वप्न आहे. आपली गरज संपली की आपल्याला फ्रिज देऊन घरी बसवतील, हे या लेखकाला खरंच वाटलं?

मी: तू म्हणतोस ते वास्तवाबद्दल खरं आहे. कादंबरीबद्दल मात्र मी भांडेन. १९५२ च्या अमेरिकेत भरभराट होती. तिथे उपासमारीची भीती दाखवली असती तर वाचक म्हणाला असता, हे आमचं नाही. त्याने पोट भरूनच ठेवलं, म्हणजे ती पळवाट बंद. मग विचारलं, आता बोला, काय कमी आहे? हा प्रश्न गरिबीची गोष्ट लिहून विचारताच आला नसता. वांडा हॅगस्ट्रॉमचं पान घे. परदेशातून आलेल्या शाहला नमुन्याचं अमेरिकन घर दाखवायला नेतात. आवाजाच्या लहरींनी कपडे धुणारं यंत्र बिघडलंय आणि ती बाई बाथटबमध्ये हाताने कपडे धुतेय. नवरा शरमतो, दुरुस्त करतो म्हणतो. आणि ती म्हणते, राहू दे, बरं वाटतंय, काहीतरी करायला मिळालं. नंतर शाह विचारतो, यंत्रांनी वाचवलेला वेळ कशात जातो? त्यावर त्या घरात कुणाकडेच धड उत्तर नाही. दोन-तीन पानांत सगळी कादंबरी आहे ती.

मामा: ते पान चांगलं आहे, मी खाली रेघ मारलीय. पण तो शाह! ब्रॅटपूर की काय त्याचं राज्य, पगडी-बिगडीवाला, दारू पिणारा, न कळणारी भाषा बोलणारा. आपल्याकडचं कुणीही वाचेल तर म्हणेल हे काय सोंग आहे. पूर्वेकडचा माणूस म्हटला की एक तर खुळा, नाही तर खुळ्याच्या तोंडून शहाणपण बोलणारा.

मी: सोंगच आहे. ब्रॅटपूर हे नाव ऐकायला आपल्याकडच्या एखाद्या संस्थानासारखं वाटतं, पण व्हॉनेगटने त्या नावामागे कुठलाच देश उभा केलेला नाही. त्याला फक्त बाहेरून बघणारा डोळा हवा होता. आणि त्या डोळ्याला जे दिसतं ते खणखणीत आहे: हे सैनिक, हे रस्त्यावरचे लोक गुलाम आहेत, असं शाह आपल्या भाषेत म्हणतो. सरकारी माणूस घाईघाईने दुरुस्ती करतो, नाही नाही, हे नागरिक. शाह मान हलवतो आणि पुढच्या ठिकाणी पुन्हा तेच म्हणतो. या प्रकरणांना मुख्य कथेशी जोडणारा धागा जवळपास नाहीच, हा दोष मी मान्य करते. पण ती काढून टाकली तर अमेरिकेतली साधी घरं आपल्याला दिसणारच नाहीत. मग उरतो फक्त पॉल आणि त्याची घालमेल.

मामा: पॉलची घालमेल मला फारशी भिडली नाही. जुनं शेत विकत घेतो, वीज नसलेलं, आणि म्हणतो आता हाताने राबू. राबणाऱ्याला असली स्वप्नं पडत नाहीत. बायको मात्र विचित्रच रंगवलीय. सारखी नवऱ्याला बढतीसाठी टोचणारी.

पॉलच्या बायकोबद्दल, अनिताबद्दल, माझी तक्रार मामापेक्षा जुनी आणि तीव्र आहे. पॉल आणि अनिता फोनवर एकमेकांना प्रेमाचं तेच ठरलेलं वाक्य प्रत्येक वेळी म्हणतात आणि त्यावर आपण हसावं अशी अपेक्षा आहे. पण मध्येच एके ठिकाणी व्हॉनेगट सांगून जातो की नदीपलीकडच्या लोकांचा अनिताला मनापासून द्वेष आहे, कारण पॉलशी लग्न झालं नसतं तर ती तिथेच असती. तिच्याकडे पदवी नाही. तिची या काठावरची जागा नवऱ्याच्या कार्डावर टिकलेली आहे. त्या सगळ्या गावात या व्यवस्थेला सर्वांत जास्त घाबरण्याचं कारण तिच्याकडे आहे! कादंबरीतली सगळ्यात खोल व्यक्तिरेखा लेखकाच्या हाताशी होती. त्याने तिला घर सजवणारी, हावरी बायको करून टाकलं आणि शेवटी दुसऱ्या पुरुषाच्या गळ्यात बांधलं. शाहच्या सोंगाला पूर्वेकडच्या देशांविषयीचं अज्ञान तरी कारण आहे. अनिताबद्दल त्याला माहीत होतं. एका परिच्छेदात त्याने ते लिहिलंसुद्धा, आणि मग तो तिथून निघून गेला.

मामा: म्हणजे तूच आता माझ्या बाजूची झालीस.

मी: नाही. मी एवढंच म्हणतेय की या पुस्तकाची पडझड त्याच्या ताकदीच्या शेजारीच आहे. व्हॉनेगटने १९८१ मध्ये ‘पाम संडे’त आपल्या तोवरच्या पुस्तकांना श्रेणी दिल्या. याला दिली बी. मला ती कमी वाटते. यात काही पानं अशी आहेत की पुढच्या, जास्त सफाईदार कादंबऱ्यांत तसं वजन नाही. आणि आज तर, मामा, ते अगदी दारात आलंय. पॉल एके ठिकाणी म्हणतो की पहिल्या औद्योगिक क्रांतीने स्नायूंच्या कामाची किंमत घालवली, दुसरीने चाकोरीतल्या बौद्धिक कामाची, आणि तिसरी खऱ्या विचाराची घालवेल. हा विचार गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरच्या लेखनातून आलेला, वीनरचं नावही तो घेतो. मी लेख लिहिते, भाषांतरं करते. आमचं लिहिलेलं यंत्रांना शिकवायला वापरलं जातंय. आम्हालाही सुरुवातीला रूडीसारखंच वाटलं, की आपली भाषा निवडली गेली.

मामा: मग तुम्ही लोकांनी विचारलंत का, टेप कुणाची?

मी: काहींनी विचारलं. कोर्टात भांडणं चालू आहेत.

मामा: बघ. आणि रूडी विचारत नाही. पॉल विचारत नाही, तो फक्त अपराधी वाटून घेतो. तो पाद्री लॅशर, एवढा शिकलेला, तोही विचारत नाही. माणसाला मान हवा, काम हवं, हे सगळे म्हणतात. पण हात रूडीचे, टेपवर उतरलेलं त्याचं कसब, त्यावर हजार शाफ्ट निघतात, त्यातला वाटा कुणाचा? हा प्रश्न आला की गोष्ट एकदम वेगळीकडे जाते. यंत्र फोडावं लागत नाही.

मी: शेवटाबद्दल बोल. बंड होतं, एका रात्रीत लोक सगळं फोडतात, कामाचं-बिनकामाचं न बघता. आणि सकाळी त्याच ढिगाऱ्यात ऑरेंज-ओ नावाच्या, जवळपास कुणालाच न आवडणाऱ्या सरबताचं मशीन दुरुस्त करायला बड कॅलहून बसतो. भोवती गर्दी. कुणी तार आणून देतं, कुणी सुटे भाग. ज्यांनी रात्री फोडलं तेच. सगळ्यांचे चेहरे उजळलेले. मला हा कादंबरीतला सगळ्यात धाडसी प्रसंग वाटतो. नवखा लेखक बंड यशस्वी करून दाखवतो, नाही तर नायकाला मारतो. याने दाखवलं की लोक स्वतःच्या हातांनी तोच पिंजरा पुन्हा उभारणार, आणि आनंदाने. इतका निराश शेवट इतक्या साध्या प्रसंगात.

मामा: निराश? अगं, तिथे मी पहिल्यांदा या लेखकाला मनापासून दाद दिली. सुरुवातीला तो प्रसंग आहे बघ, पॉलची जुनी गाडी होमस्टेडजवळ बंद पडते आणि रस्त्यावरचा एक कामगार स्वतःच्या हॅटमधली चामड्याची पट्टी कापून गॅस्केट करून देतो. तिथे लेखकाला कळलं होतं की या माणसांत काय आहे. शेवटी ते पुन्हा आलं. बिघडलेलं मशीन दिसलं आणि हात तिकडे गेला, यात हार कुठे आहे? मी निवृत्त झालोय, तरी सोसायटीचा पंप बंद पडला की मीच जातो. तो पंप मला गुलाम करतो का?

मी: पण लेखकाला ती हारच वाटते. बंडाचे म्होरके ते बघून हताश होतात आणि पोलिसांच्या स्वाधीन व्हायला निघतात.

मामा: त्यांना वाटणारच. त्यांना मशीन मोडायचं होतं, आणि ज्यांना दुरुस्त करायचं होतं त्यांना कुणी विचारलंच नाही. सरबताचं मशीन दुरुस्त झाल्यावर त्या गर्दीतला एखादा म्हणाला असता की आता हे आम्ही चालवणार, चावी इकडे दे, तर?

मी: तर ती व्हॉनेगटची कादंबरी राहिली नसती. त्याला माणसाच्या स्वभावाबद्दल लिहायचं होतं, कारखान्याच्या मालकीबद्दल नाही. रूडीने टेपवर हक्क सांगितला असता तर तो रूडी राहिला नसता, युनियनचा पुढारी झाला असता. त्याच्या गप्प अभिमानातच त्या पानाची सगळी वेदना आहे.

मामा: मी ज्यांच्याबरोबर काम केलं ते अभिमानही बाळगायचे आणि हक्कही मागायचे. दोन्ही एकाच माणसात असायचं. तसा रूडी कुणीतरी लिहायला हवा. तो मला वाचायचाय.